तिनं सांगितलं नव्हतं

त्या सोमवारी सकाळी माझी मुलगी शाळेच्या व्हॅनमध्ये बसेना. खराडीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी व्हॅन उभी होती, आत पाच मुलं बसलेली, आणि ती आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरून फाटकाच्या गजांना चिकटली होती. रडत नव्हती, नुसती मान हलवत होती. व्हॅनचे काका खाली उतरले. "चला बाळा, उशीर व्हतोय," म्हणत त्यांनी तिचं दप्तर घ्यायला हात पुढे केला, तशी ती किंचाळली. मी बाल्कनीतून हे पाहत होतो. कानात ऑफिसची मीटिंग चालू होती.

ती सहा वर्षांची, पहिलीत. तिला ऐकू व्यवस्थित येतं, चित्रांची कोडी ती माझ्याआधी सोडवते, पण बोलणं तोंडाशी येईपर्यंत विस्कटतं. शब्द आहेत, वाक्य होत नाही. 'मला पाणी दे' एवढं म्हणायला ती 'पाणी... मी...' म्हणून थांबते आणि ग्लासकडे बोट दाखवते. आपण लांबलचक बोललो तर त्यातला शेवटचा तुकडा तेवढा तिच्या हाती लागतो. डॉक्टरांनी याला भाषाविकासातली अडचण म्हटलं होतं. दर शनिवारी आम्ही तिला स्पीच थेरपीला नेत होतो. लोकांना मात्र आम्ही 'जरा लाजाळू आहे' असंच सांगायचो.

मंगळवारी पुन्हा तेच झालं. दोन्ही दिवस बायकोनं तिला स्कूटरवरून शाळेत सोडलं आणि ती निमूट गेली. बाईंना विचारलं, तर वर्गात काहीच वेगळं नव्हतं. म्हणजे शाळेचा प्रश्न नाही. सकाळी उठून आवरण्याचाही नाही. उरली व्हॅन. माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं आहे. एकेक शक्यता बाद करत गेलं की शेवटी जी उरते तीच चूक, ही माझी रोजची पद्धत. मी तीच इथे वापरली आणि मला कुठेच शंका आली नाही.

बुधवारी संध्याकाळी मी तिला सोफ्यावर समोर बसवलं.

"व्हॅनमध्ये काय झालं?"

ती गप्प.

"कोणी त्रास दिला? कोणी ओरडलं?"

ती उशीच्या खोळीचा दोरा ओढत राहिली.

"कोणी मारलं?"

तिनं वर पाहिलं. माझा आवाज चढला होता हे मला तेव्हा कळलं नाही, तिला कळलं असणार.

"काकांनी मारलं?"

"हो," ती म्हणाली.

"कुठे? इथे? गालावर?"

"हो."

"जोरात?"

"हो."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "थांब जरा. उद्या शाळेत बोलू आधी." मी म्हणालो, "अजून काय व्हायची वाट पाहायची?"

गुरुवारी सकाळी मी स्वतः खाली गेलो. व्हॅनचे काका पन्नाशीचे, इथल्याच एका गावचे. ते गाव आता महापालिकेत आलंय आणि त्यांच्या शेताच्या जागी टॉवर उभे आहेत. तीन वर्षं ते आमच्या सोसायटीतली मुलं नेत होते. गाडीत मुलांसाठी पाण्याची जादा बाटली ठेवायचे, पाऊस असला की छत्री धरून एकेकाला आत बसवायचे. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी चार पालकांच्या समोर त्यांना म्हणालो, "तुम्ही माझ्या मुलीवर हात उचललात."

त्यांना आधी कळलंच नाही. मग चेहरा पडला. "म्या? न्हाय साहेब. कुनी सांगितलं?"

"माझ्या मुलीनं सांगितलंय."

"तिनं?" ते म्हणाले. त्यांनाही माहीत होतं ती किती बोलते ते. पण ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "लेकरू खोटं कशाला बोलंल. पर म्या हात लावल्याला न्हाय."

एका आईनं आपल्या मुलाला व्हॅनमधून खाली उतरवलं. मग दुसरीनं. दुपारपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाळीसेक संदेश आले होते. कोणाला आठवलं की काका एकदा जोरात हॉर्न वाजवत होते, कोणाला त्यांची नजर आधीपासूनच खटकत होती. शुक्रवारी व्हॅन आली नाही.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा बायको बराच वेळ मुलीकडे बघत होती. मग तिनं अगदी सहज विचारलं, "पिल्लू, काकांनी तुला विमानातून शाळेत नेलं का गं?"

मुलीनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "हो."

"विमानात हत्ती होता?"

"हो."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. बायकोनं पुढे काही विचारलं नाही. ताटाकडे बघत म्हणाली, "ती तुला सांगत नव्हती. तुझ्या तोंडाकडे बघून उत्तर देत होती."

मी म्हणालो, "म्हणजे काही झालंच नाही?"

"ते कुठे म्हणतेय मी? काय झालं ते आपल्याला माहीत नाही."

शनिवारी थेरपीला गेलो. थेरपिस्ट बाई साठीकडे आलेल्या, अस्सल पुणेरी, शब्द मोजून वापरणाऱ्या. मी सगळा प्रकार सांगितला. त्या मध्येच थांबवत म्हणाल्या, "तुम्ही तिला किती प्रश्न विचारलेत, आठवतंय?"

"सात-आठ असतील."

"आणि तिनं स्वतःहून किती शब्द सांगितले?"

मी मनात मोजायला गेलो. 'हो' सोडून काही सापडेना.

"काही घडलंच नाही, असं मी म्हणत नाही. तिनं ते सांगितलेलं नाही, एवढंच म्हणते. हो म्हटलं की प्रश्न संपतात, हे तिला केव्हाच कळलंय." मग त्यांनी विचारलं, "घरी तिच्याशी झालेल्या गोष्टींबद्दल बोलता का?"

"रोज विचारतो, आज शाळेत काय झालं म्हणून."

"विचारता. मी बोलण्याबद्दल विचारते आहे. तुम्ही आणि ती, दोघंही जिथे होतात, अशा एखाद्या गोष्टीबद्दल बोला तिच्याशी. आत्ता. मी ऐकते."

मी मुलीला मांडीजवळ घेतलं. थोड्या दिवसांपूर्वी आम्ही मंडईत गेलो होतो, ते काढलं. "आपण कुठे गेलो होतो? काय आणलं आपण? हिरवं हिरवं काय होतं? अं... अंबा...? अंबाडी. म्हण. आणि तिथे मावशी होत्या त्यांनी कोणत्या रंगाची साडी नेसली होती?" ती खुर्चीवरून घसरत खाली जमिनीवर बसली आणि बुटाचा पट्टा उघडबंद करायला लागली.

बाई म्हणाल्या, "तोंडी परीक्षा झाली. नापास कोण, ते बघू नंतर." हसल्या मात्र नाहीत. "उत्तर तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. मग तिनं कष्ट कशाला घ्यायचे? आणि जे तुम्ही दोघांनी पाहिलंय ते सांगायची सवय नसेल, तर तुम्ही न पाहिलेलं ती कुठून सांगणार?"

त्यांनी मला करायचं काय ते सांगितलं. प्रश्न बंद. आपल्याला काय आठवतं, काय वाटलं, ते आपण सांगायचं, छोट्या वाक्यांत. मग थांबायचं. मनात दहा मोजायचे. तिनं एक शब्द दिला, हातवारा केला, तरी तो उचलायचा आणि वाक्यात घालून तिला परत द्यायचा. चूक काढायची नाही.

"आणि फक्त गोडगोड नको," त्या म्हणाल्या. "पडलो, रडलो, भांडलो, तेही."

मी म्हणालो, "त्याची आठवण कशाला करून द्यायची?"

"ती विसरली आहे असं वाटतं तुम्हाला?"

याचा मला राग आला, हे कबूल करतो. परतीच्या रस्त्यावर मी बायकोला म्हणालो, की एका आरोपीला शोधायला गेलो आणि आपणच आरोपी होऊन आलो. ती म्हणाली, "काकांना आपण आरोपी केलंच ना."

त्यानंतर रोज संध्याकाळी मी मुलीशेजारी जमिनीवर बसायला लागलो. सुरुवातीला दहा आकडे मोजणं म्हणजे शिक्षा होती. सहा-सातपर्यंत पोचलो की माझ्या तोंडून पुढचं वाक्य निसटायचं. तिच्या गप्प बसण्याची मला भीती वाटते, हे मला त्या दिवसांत कळलं. ती गप्प बसली की माझ्या आत काहीतरी घाबरंघुबरं व्हायचं आणि मी ती जागा प्रश्नांनी भरून टाकायचो. तिच्या जन्मापासून बहुधा हेच करत आलो होतो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी पुन्हा मंडईची गोष्ट काढली. आम्ही मूळचे अमरावतीकडचे. तिकडच्यासारखी अंबाडी खराडीत मिळत नाही, म्हणून मी कधीमधी मंडई गाठतो. त्या दिवशी ओल्या फरशीवर पाल्यावरून माझा पाय सरकला होता आणि मी सगळ्यांसमोर बसकण मारली होती. हा भाग मी थेरपिस्ट बाईंसमोर गाळला होता.

"मी पडलो," मी म्हणालो. "मला लाज वाटली."

एक, दोन, तीन. ती माझ्याकडे पाहत होती. सात, आठ.

"धप्प," ती म्हणाली.

"हो, धप्पकन पडलो."

"मावशी... हसली."

"भाजीवाल्या मावशी हसल्या."

"बाबा हसली नाही."

"बाबा हसला नाही. बाबाला लागलं होतं."

तिनं हात माझ्या कमरेवर ठेवला. बस, एवढंच झालं. मी उठून बाल्कनीत गेलो आणि तिथे उभा राहिलो.

व्हॅनचं कोडं मात्र तसंच होतं. बायको ऑफिसात उशिरा पोचत होती, तिच्या वरिष्ठांनी एकदा टोकलंही होतं. एका सकाळी दुसऱ्या कोणाच्या तरी व्हॅनमध्ये बसवून पाहिलं, तर तिथेही तेच, तीच गजांना मिठी. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. काका तर या व्हॅनमध्ये नव्हते.

आठ-दहा दिवसांनी, एका रविवारी दुपारी, मी खडकवासल्याची गोष्ट काढली. व्हॅनचं सगळं सुरू झालं त्याच्या आदल्याच दिवशी आम्ही तिघं धरणावर गेलो होतो. मला सांगायचं होतं ते कणसांबद्दल, पाण्याबद्दल, तिनं उडवलेल्या साबणाच्या फुग्यांबद्दल. बायको पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आपण धरणावर गेलो," मी म्हणालो. "मी तिखट कणीस खाल्लं. माझी जीभ भाजली."

"कणीस... गरम," ती म्हणाली.

"गरम होतं कणीस. तू फुंकर घातलीस. मग आपण गाडीत बसलो. मग आपण तिघं घरी आलो."

"नाही."

मी थबकलो. ती मला 'नाही' म्हणाली होती. खाण्याला, झोपायला ती नाही म्हणते. पण मी सांगितलेल्या गोष्टीला आजवर कधीच म्हणाली नव्हती.

"नाही," ती पुन्हा म्हणाली. "आई नाही."

माझ्या तोंडाशी आलं होतं, आई होती की. बायकोच्या हातातली घडी अर्धीच राहिली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. बोलू नको. मी मोजायला लागलो, पण आकडे मागेपुढे होत होते.

"गाडी भुर्र," मुलगी म्हणाली. "आई... रोड. आई तिकडे." तिनं पाठीमागे हात केला. मग दोन्ही तळवे हवेत आपटले, काचेवर आपटावेत तसे. "मी आई, आई. बाबा... थांब नाही."

त्या रविवारी काय झालं होतं, ते आता सांगायला हवं. परतताना सिंहगड रस्त्याला लागायच्या आधीच गाड्यांची रांग लागली होती आणि आमचं भांडण जुंपलं. विषय मुलगीच होती. बायकोचं म्हणणं, तिला लहान वर्गांच्या शाळेत घालू, या शाळेत ती बुजून जातेय. मी म्हणालो, तू तिला मठ्ठ ठरवून मोकळी होतेस. "काऊन ओरडतो? ती मागे बसलीय," बायको म्हणाली. चिडलो की आम्ही दोघंही गावाकडचं बोलायला लागतो. मी आणखी ओरडलो. ती म्हणाली, "थांबव गाडी." मी थांबवली. ती उतरली, दार आपटलं, आणि मी गाडी काढली. पुढे वळायला जागा मिळेपर्यंत, परत येईपर्यंत वीस मिनिटं गेली. बायको रस्त्याकडेला एका टपरीपाशी उभी होती, डोळे पुसत. ती गाडीत बसली, घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही, आणि झोपण्याआधी आम्ही एकमेकांना सॉरी म्हणालो. आमच्यापुरता विषय संपला होता.

मागच्या सीटवर मुलगी गप्प होती, असंच मला आठवत होतं. तिनं हवेत तळवे आपटले तेव्हा मला तो आवाज आठवला. ती काच बडवत होती. आणि मी आरशातही न बघता म्हणालो होतो, "गप्प बस."

"व्हॅन भुर्र," ती म्हणाली. आता ती थांबत नव्हती. "आई गेट. आई टाटा. आई..." शब्द सापडेना. तिनं दोन्ही हात रिकामे करून दाखवले.

व्हॅन सुटते तेव्हा आई फाटकाशी उभी असते. गाडी पुढे जाते, आई मागे राहते. आईच्या स्कूटरवर ती निमूट जात होती, कारण तिथे आई सोबत होती. एवढंच होतं ते. आम्हाला सगळं आधीपासून माहीत होतं, कारण त्या गाडीत आम्हीच होतो.

बायको तिला जवळ घेऊन रडली. मी मुलीसमोर बसून म्हणालो, "मी रागावलो होतो. आई उतरली आणि मी गाडी पुढे नेली. तू काच वाजवलीस. तू घाबरलीस. मी थांबायला हवं होतं. बाबा चुकला." मी एकेक वाक्य सावकाश म्हणत होतो. थेरपीची पद्धत म्हणून नव्हे, मलाच ते त्याहून भराभर बोलता येत नव्हतं.

"बाबा राग," ती म्हणाली.

"हो, बाबाला राग आला होता."

"आता?"

"आता नाही."

तिनं आईचा चेहरा पुसला आणि पुन्हा मला विचारलं, "आता?" असं तिनं त्या दुपारी पाच-सहा वेळा विचारलं असेल.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की माझी चूक झाली, काकांनी काहीही केलं नव्हतं, माझ्या मुलीनं तसं सांगितलंही नव्हतं, मी तिच्या तोंडी घातलं होतं. दोघातिघांनी अंगठा दाखवला. एकीनं लिहिलं, 'असू द्या, मुलांच्या बाबतीत काळजी घेतलेली बरी.' बाकी कोणी काही लिहिलं नाही. काकांच्या नजरेबद्दल ज्यांनी लिहिलं होतं, तेही गप्पच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. टॉवरांच्या मागे गावठाणातलं बैठं घर, दारात व्हॅन धुऊन उभी. ते पायरीवर बसले होते. मला पाहून उठले नाहीत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, खडकवासल्यासकट. माझी वाक्यं मध्येच तुटत होती.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"बरी आहे."

"मंग झालं."

मी म्हणालो, "तुम्ही पुन्हा या. मी सगळ्यांशी बोललोय."

"न्हाय साहेब. दुसरीकडची पोरं मिळाली मला." मग म्हणाले, "फाटकापाशी तुमी बोलला, तवा माझा नातू व्हता गाडीत. फुडल्या सीटवर. त्यानं घरी इऊन इचारलं, आजा, तू मारतो का पोरांना." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आतून कोणी तरी चहाचं विचारलं, तर म्हणाले, "नगं, त्यास्नी जायचं हाय."

मी परत निघालो.

नव्या व्हॅनमध्ये पहिले तीन दिवस बायको मुलीबरोबर शाळेपर्यंत बसून गेली. मग कोपऱ्यापर्यंत. मग फाटकाशी उभं राहायचं बंद करून तिनं व्हॅन सुटायच्या आधीच ऑफिसची बॅग खांद्याला लावून निघायला सुरुवात केली, म्हणजे मागे राहिलेली आई दिसायला नको. हे तिला स्वतःलाच सुचलं. कधीकधी मुलगी अजूनही वळून बघते. शाळा बदलायची की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही, पण त्यावर आता आम्ही ती तिथे नसल्यासारखं बोलत नाही. तिला जमेल तसं तिलाही सांगतो.

परवा व्हॅनमधून उतरून घरी आल्यावर तिनं बूट काढता काढता विचारलं, "जुना काका कुठे?"

मी तिच्याशेजारी बसलो आणि सांगितलं. मी त्यांना वाईट बोललो. ते खोटं होतं. त्यांना वाईट वाटलं. आता ते दुसऱ्या मुलांना नेतात.

"सॉरी म्हण," ती म्हणाली.

"म्हटलं."

"काका काय म्हणली?"

"ते म्हणाले, पोरगी कशी आहे?"

तिनं थोडा विचार केला. "मी बरी," ती म्हणाली आणि दुसरा बूट काढायला लागली.